जोडीचा वाळा

चाकणकडच्या डोंगरात धरलेला बिबट्या परवाच पुण्याच्या नव्या प्राणिबागेत आणला होता. सकाळी पिंजरा झाडताना बरकतला जनावराच्या विष्ठेत इवलासा चांदीचा वाळा सापडला. धुऊन त्याने तो खिशात टाकला. दुपारी तिकडचीच माणसं यष्टीने बाग बघायला आली. सगळी हत्तीकडे गेली, एक बाई बिबट्यापुढून हलेना. तिने पदराची गाठ सोडून तसलाच वाळा पुढे धरला. “दादा, ह्याच्या जोडीचा घावला का हितं? चार दिस झालं, माझी पोर अंगणातनं गेली. व्हय म्हना, म्हंजी रडून मोकळी व्हईन.” पण तिचे डोळे ‘नाही’च मागत होते. “नाही सापडला, ताई,” बरकत म्हणाला. “मग तो तिच्या पायातच हाय,” म्हणत ती यष्टीचीही वाट न बघता डोंगराकडे धावत सुटली. बरकतची खिशातल्या वाळ्यावर मूठ वळली.