बाबांची खडकांची भिंत

मृदुलाने खडकांच्या भिंतीतल्या कपारीत हात घालून दुसराही केशरी मासा बाहेर काढला. तोही मेला होता.

बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी ही भिंत बाबांनी घरीच करायला घेतली होती. फळीवर एकेक खडक सिमेंटने चिकटवायचा, मध्ये माशांना शिरायला जागा ठेवायची. धाप लागू लागल्यावर ते पलंगावरून बोट दाखवत आणि मृदुला खडक बसवी. ते गेल्यावर उरलेला कोपरा तिने एकटीने पुरा केला. काल भिंत टाकीत उभी राहिली, बाबांची लाडकी जोडी सोडल्यासोडल्या कपारीत शिरली, आणि कितीतरी दिवसांनी घरात कुणीतरी हसलं.

"सिमेंट नीट मुरलं नसेल," मृदुला म्हणाली. "अजून भिजत ठेवायला हवं होतं. माझीच घाई नडली."

"तुझं नाही गं काही चुकलं," आई मागून म्हणाली. "रात्री पंप मी बंद केला."

"आई! पंप थांबला की मासे गुदमरतात, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. पण घरघर ऐकून जाग आली, आणि अर्धवट झोपेत वाटलं, ह्यांचं ऑक्सिजनचं मशीनच चालू आहे." आई मेलेल्या माशांकडे बघत राहिली. "बंद कर म्हणून हात जोडायचे माझ्यापुढे. तेव्हा माझा धीर झाला नाही. काल झाला."

मृदुलाने हातातला मासा पहिल्याशेजारी ठेवला.

"माझ्यापुढेही जोडायचे," मग ती म्हणाली.