अक्षरांच्या सावल्या

या, जरा पुढे सरकून बसा. एका बाईने स्वतःच्या हाताने आपली खुर्ची कशी सोडली, ते ऐका.

"बस," छापखान्यातली ती बाई धाकट्या जावेला म्हणाली. "आजपासून ही जागा तुझी."

लग्नाआधीपासून तिने याच खुर्चीत बसून संगणकावर पुस्तकांची पानं लावली होती. पण हल्ली पडद्यावरच्या प्रत्येक अक्षरामागे त्याची सावली दिसत होती. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी एकाची दोन दिसली, मग काहीच दिसेना. हिने आपल्या डोळ्यांत थेंब घातले, दिवा बदलला, देवाला आळवलं. डॉक्टरांकडे मात्र गेली नाही. ते खरं सांगतील ही धास्ती. घरी वर्तमानपत्र उघडायचीही छाती होईना. कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. काम निदान घरात राहावं, म्हणून जावेला घेऊन आली.

जाऊ बसली. पडद्याकडे पाहून तिने नाक मुरडलं.

"अहो ताई, हे काय? एकेका अक्षराच्या पाठीला भूत लागलंय!"

ही झटकन पडद्यापाशी वाकली. "तुला... तुलाही दिसतंय?"

"न दिसायला मी काय आंधळी आहे?"

देवा रे! त्या टोमण्यावर ती हसली, रडली आणि तशीच टेबलाखाली शिरली. पडद्याची वायर टेबलाच्या पायाखाली चेपून पार चपटी झाली होती. तिने ती उपटली. शेजारच्या संगणकाची चांगली वायर आणून लावली. सावल्या गेल्या. अक्षरं न्हाऊन आल्यासारखी लख्ख उभी राहिली.

ती उलट्या पावली भिंतीपर्यंत गेली. तिथून तिने पानाच्या तळाची बारीक टीप खणखणीत वाचली. मग अख्खं पान. यंत्रावरची माणसं काम टाकून दारात जमली.

"काय झालं, बाई?"

"काही नाही झालं!" ती आनंदाने ओरडली. "मला काहीएक झालेलं नाही! आणि तू गं, ऊठ माझ्या खुर्चीतून."

"वा! बसले नाही तोच काढलंत," जाऊ म्हणाली.

मंडळी, टेबलाखाली शिरलेली बाई तुमच्या लक्षात राहीलच. पण आठवण ठेवा त्या धाकट्या जावेची. थोरली इतके दिवस जे एकटीने पाहत होती, तेच तिने पाहिलं, आणि बोलून टाकलं.