घोडीवरचा नंबर

कल्पना करा मुलांनो, ऑस्ट्रेलियातला जुलैचा गारठा आहे, वादळ सुटलंय आणि हॉक्सबरी नदी फुगत फुगत कुंपणापर्यंत आली आहे. इडीच्या घरातलं सामान माळ्यावर चढवून झालं. आता म्हातारी घोडी मोकळी सोडायची, म्हणून आजोबा तिच्या पोटावर रंगाने फोन नंबर लिहीत होते. वाहत गेलेली घोडी ज्याला सापडेल, तो फोन करील.

"चुकलास ना पॉप, हा तर नॅनचा नंबर," इडी म्हणाली; आजोबांना ती पॉप म्हणे आणि आजीला नॅन. "आता तो कोण उचलणार?"

आजोबांचा हात थांबला. "मला तेवढा एकच पाठ आहे गं."

इडी घरात गेली. आजी वारल्यापासून तिचा फोन शिवणाच्या डब्यात बंद पडून होता. इडीने तो काढला, पुसला आणि चार्जिंगला लावला.