अंबुबाईंची एकच अट

"आजच करा," अंबुबाई म्हणाल्या. "रगत काढायचं असंल तर काढा."

टॉवेलात गुंडाळलेली मनी मांजर त्यांनी जनावरांच्या दवाखान्यातल्या टेबलावर अशी धरली होती, की तिला पंजासुद्धा हलवता येईना. ढोरं हाताळलेला हात, रचनाला वाटलं. ती लेकीला कडेवर घेऊन दाराशी उभी होती.

अंबुबाई, तिच्या सासूबाई, सकाळीच जांबोटी गावाहून शहरात टिळकवाडीतल्या घरी उतरल्या होत्या, एकच पिशवी घेऊन. पुढच्या आठवड्यात रचनाचं कॉलेजातलं शिकवणं पुन्हा सुरू व्हायचं होतं. दोन वर्षं ती आणि तिचा नवरा महादेव त्यांना विनवत होते, इथंच राहायला या, नातीला सांभाळा. दर वेळी एकच उत्तर, "मला न्हाय जमायचं बाई." का, ते कधी सांगितलं नाही. या वेळी कशाबशा 'बघू' म्हणून आल्या, तर उंबऱ्यातच मनी आडवी आली.

"हे कुठलं? तपासलंय का?"

"रस्त्यावरचं आहे आई. लस टोचलीय."

"लस र्‍हाऊ दे. लागट रोग बघितलाय का? ते बघितल्याबिगर मी न्हाय हितं र्‍हायची."

चहा तसाच टाकून सगळ्या दवाखान्यात आल्या होत्या.

डॉक्टर नागेंद्रांनी सुई तयार केली. "दोन विषाणू बघतो. एकानं रक्ताचा कर्करोग होतो, दुसरा प्रतिकारशक्ती खातो."

"बाळाला काही?" रचनाचा आवाज चिरकला.

"माणसांना होत नाहीत हो. मांजराचं मांजरालाच. घरात दुसरं मांजर नसेल तर घाई नाही."

"ऐकलंत ना, आई?"

"ऐकलं. तरीबी करा."

म्हणजे परत जायचं निमित्तच शोधतायत, रचनाला वाटलं. मनीत काही निघालं, की संध्याकाळची बस.

"आन एका ताटलीत खाल्लं तर?" अंबुबाईंनी विचारलं.

"त्यानंही लागतो, मांजराला."

रचनाचे कान तापले. सकाळीच लेकीनं मनीच्या ताटलीतला भात उचलून तोंडात कोंबला होता. सासूबाईंनी पाहिलं वाटतं!

"एकदाच खाल्ला, आई. मी लगेच तोंड धुतलं तिचं."

"कुणाचं गं?"

"मनी भात!" लेकीनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर हसू दाबत रक्ताचे थेंब पट्टीवर टाकू लागले.

निकालासाठी थांबायचं होतं. अंबुबाईंची नजर पट्टीवरून हलेना. रचना मनातल्या मनात यल्लम्माला हात जोडत होती. मनी मात्र टॉवेलातून नाक काढून अंबुबाईंचा अंगठा चाटत होती.

"दोन्ही निगेटिव्ह," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने घराबाहेर गेली नाही ना? मग निकाल पक्का धरा."

रचनानं लेकीचा मुका घेतला. मनीला रचनाच्या हातात देऊन अंबुबाईंनी कनवटीचा फोन काढला आणि दाराबाहेर गेल्या. संपलं. आता बसची चौकशी. रचना मागोमाग धावली.

गावाकडच्या शेजारच्या रवळूला त्या फोनवर नेहमीसारख्या ओरडूनच सांगत होत्या, सगळी गल्ली ऐकेल अशा.

"व्हय रं, सुनंचं मांजर निरोगी हाय! उद्या माझी ट्रंक घिऊन ये. आन आदी माझ्या चंपीला टोपलीत घाल, वर फडकं बांध, न्हायतर वाटंत उडी मारंल. दोन वर्सं त्या मांजरीपायी नातीला सोडून बसलो गा, आता दोघीबी हितंच र्‍हातो!"