मोठ्या मुलाचं घड्याळ

"हे विकायचं नाहीये," बहीण म्हणाली.

दुकानदाराने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं आणि भावाकडे पाहिलं. जुन्या घड्याळांच्या धंद्यात त्याचे केस पिकले होते. भावंडांची भांडणं त्याला नवीन नव्हती.

"तुम्ही बघा हो," भाऊ म्हणाला. "नुसती किंमत काढायला काय जातंय?"

दुकानदाराने मागचं झाकण उघडून दिव्याखाली धरलं.

"रोज चावी द्यावी लागणारं आहे. हे बारीक ओरखडे दिसतात? ज्याने ज्याने दुरुस्त केलं त्याने आपली खूण कोरून ठेवलीय. बऱ्याच हातांतून गेलंय, पण कुणी वाट लावलेली नाही. तबकडीसुद्धा मूळची. लोक हौसेने ती नव्याने रंगवून घेतात आणि तिथेच सगळं मातीत जातं. चावी द्यायचं बटण तेवढं बदललेलं आहे."

"आजोबांनी घेतलेलं," भाऊ म्हणाला. "त्यांच्याकडून बाबांकडे आलं. आमच्यात घड्याळ मोठ्या मुलाकडे जातं."

"आणि मोठा मुलगा ते दुकानात आणतो," बहीण म्हणाली.

"वडील कधी गेले?" दुकानदाराने आवाज खाली आणून विचारलं.

"झाले काही महिने."

बहिणीने झटकन मान वळवली. भाऊ काचेखालची घड्याळं बघत राहिला.

"त्यांची खोली रिकामी केली," तो म्हणाला. "मुलांना अभ्यासाला झाली. हे तेवढं राहिलं होतं. त्यांना आता घड्याळाचा काय उपयोग?"

दुकानदाराने चिठ्ठीवर आकडा लिहून ती पुढे सरकवली. भावाने वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. एवढ्यात बऱ्यापैकी गाडी आली असती.

"अर्धे तुला देतो, छोटे."

"मला अर्धं घड्याळ नको."

"हट्ट करू नकोस. पुरुषांचं घड्याळ आहे, तू काय करणार त्याचं? कपाटात पडून राहील."

"कपाटात नाही राहणार."

"बाबांच्या माघारी घरातल्या गोष्टी मी बघतोय. तू नाही."

"दादा, ते त्यांच्या मनगटावरून तू कुणाला विचारून काढलंस, ते मी अजून विचारलं नाहीये. इथे विचारू?"

भावाचे कान लाल झाले. दुकानदार उगाचच फडक्याने काच पुसू लागला.

"ठीक आहे," भाऊ म्हणाला. "घेऊन जा. पण मग बाबांच्या फ्लॅटमध्ये वाटा मागायचा नाही. आत्ता, यांच्यासमोर बोल."

"नाही मागणार."

"पुढे रडत येशील."

"आजवर कधी आलेय?"

"ताई, शांतपणे विचार करा," दुकानदाराला राहवलं नाही. "घड्याळ लाखमोलाचं असलं तरी घर ते घर."

"केलाय विचार. पट्ट्याला आणखी एक भोक पाडून द्या."

त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं. "तुम्हाला दोन लागतील."

"एकच पाडा."

भाऊ थांबला नाही. फार स्वस्तात सुटल्यासारखा तो दाराबाहेर पडला आणि पायरीवरच बायकोला फोन लावला. "आटोपलं," तो म्हणत होता. "हो, फ्लॅटचंही मिटलं."

बहिणीने घड्याळाला चावी दिली, कानाशी धरलं, पर्समध्ये ठेवलं आणि बस पकडली. शेवटच्या थांब्यावर उतरून ती एका पिवळ्या इमारतीत शिरली. टेबलामागच्या बाईने तिला पाहताच हातातलं पेन खाली ठेवलं.

"भेटीची वेळ संपली."

"मी भेटायला आलेली नाही."

"असं कसं चालेल? तुमच्या भावाला विचारावं लागेल. सही त्यांची आहे."

"मग विचारा. मी वर जातेय."

"अहो, थांबा! मी वॉचमनला बोलावीन."

"बोलवा. सामान उचलायला कुणीतरी लागेलच."

ती जिना चढली. मागून बाईच्या चपलांचा आवाज आला, मग थांबला. लांबलचक खोलीत ओळीने खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर एक वाळलेला म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिने खाटेखालची त्याची पिशवी ओढली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, चपला घाला. घरी जायचंय."

बाबांनी वळून पाहिलं. तिला ओळखायला त्यांना मुळीच वेळ लागला नाही.

"तुझ्या घरी?"

"नाही. तुमच्या."