पहिला गुंता

हेमांगीच्या दंडातून सोडलेली सूक्ष्मयंत्रं वारेतून, नाळेवाटे पोटातल्या बाळाच्या मेंदूत जाऊन तिथला रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता बुजवणार होती. पडद्यावरचे निळे ठिपके मात्र पोटाकडे वळलेच नाहीत.

"पोचली का हो, डॉक्टर?"

डॉ. बेंद्रेंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, तुमचं डोकं कधी तपासलं होतं?"

"माझं? मला काय धाड भरलीय?"

"तसाच गुंता तुमच्याही मेंदूत आहे. यंत्रांना पहिला गुंता दिसला, तिथेच ती कामाला लागली. आम्ही फक्त बाळाला तपासलं होतं."

"मग दुसरी सोडा ना!"

"तुमचं रक्त आता त्यांना ओळखतं. वाटेतच मारून टाकेल. आणि बाळासाठी दुसरा उपाय नाही."

हेमांगी पडद्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांदेखत ती बरी होत होती.