कोरं रक्त

तिसऱ्या वेळीही सुळका तिथेच उगवला. चौथ्या मिनिटाला, सपाट रेषेतून, ठेंगणा पण स्पष्ट. थोरलीने चष्मा पुसला आणि यंत्राच्या पडद्याजवळ वाकून पुन्हा पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"काय म्हणतंय?" मागून शिपाईकाकांनी विचारलं.

"आहे म्हणतंय."

"बाळात पण?"

तिने नुसती मान हलवली. काकांनी हातातला काचेच्या नळ्यांचा ट्रे हळूच टेबलावर ठेवला.

प्रयोगशाळेत हे नवं यंत्र येऊन दोन महिने झाले होते. न चिकटणाऱ्या तव्यांच्या लेपात, रेनकोटात, आग विझवायच्या फेसात एक रसायन असतं. एकदा अंगात शिरलं की वर्षानुवर्षं मुक्काम हलवत नाही. जुनं यंत्र त्याच्याकडे डोळ्यांवर कातडं ओढून बघायचं. नव्याची नजर अशी तिखट, की पोहण्याच्या तलावात मिठाचा खडा विरघळला तरी ते सांगेल. पण तराजू कितीही बारीक असो, आधी त्याचा काटा शून्यावर आणावा लागतो. त्यासाठी हवं होतं हे रसायन अजिबात नसलेलं रक्त. कोरं रक्त. ते मिळालं की लेपाच्या कारखान्यातल्या चाळीस कामगारांचे नमुने मोजायचे. ज्यांचा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर जाईल, त्यांच्या उपचारांचा भार कारखान्याने उचलायचा, असं ठरलं होतं.

कोरं रक्त काही मिळेना. थोरलीने आधी स्वतःचं दिलं, मग प्रमुखांनी बाही वर केली. काका ऐटीत म्हणाले, "आमच्या घरात असला तवा कधी शिरलाच नाही. माझं घ्या, कोरं करकरीत निघेल." त्यांचा सुळका सगळ्यांत उंच निघाला. "काका, तुम्ही तर चांगलेच मुरलेले आहात," असं म्हणून सगळे हसले. ते शेवटचं हसणं. मग डोंगरावरच्या एका मेंढपाळाला गाठलं. बाजाराचं तोंड तो वर्षातून दोनदा पाहायचा. त्याच्यातही होतं. त्याच्या मेंढीतही होतं. थोरलीने नळ्या बदलल्या, हातमोजे बदलले, नुसतं शुद्ध केलेलं पाणी यंत्रात घालून पाहिलं. पाण्याची रेषा सपाट आली. म्हणजे यंत्राची चूक नव्हती; पण रक्ताचा काटा पाण्यावर लावता येत नाही, त्याला रक्तच लागतं.

शेवटी धाकट्या बहिणीनेच सुचवलं होतं. तिचे दिवस भरत आले होते. "माझ्या बाळाचं घे गं ताई. ज्याने अजून जगात पाऊल टाकलं नाही, त्याच्या रक्तात काय असणार?" परवा बाळ झालं. नाळेत उरलेलं रक्त, जे एरवी फेकूनच देतात, नर्सने एका बाटलीत भरून दिलं. थोरलीने बर्फाचा डबा मांडीवर धरून ते इथवर आणलं होतं.

प्रमुख आत आले. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. हे यंत्र मिळवायला सहा वर्षं भांडला होता.

"तीनदा?"

"तीनदा."

हातातला मंजुरीचा कागद टेबलावर ठेवून ते खुर्चीत बसले. "मग आता एकच करता येईल. जे सगळ्यांतच आहे, त्यालाच शून्य धरायचं. हे बाळ म्हणजे शून्य. त्याच्या वर जेवढं असेल तेवढंच मोजायचं."

"सर, आहे त्याला नाही म्हणायचं?"

"नाही म्हणत नाहीये. शून्य म्हणतोय."

"कच्च्या मोजणीत काठावर आलेले नऊ कामगार मर्यादेच्या खाली जातील."

"माहीत आहे मला." त्यांनी कपाळ चोळलं. "तुम्ही दुसरं रक्त आणा. कुणाचंही. मी आत्ता हा कागद फाडून टाकतो."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. थोरली आठवत राहिली. ओळखीतलं, अनोळखी, जवळचं, लांबचं. एक माणूस डोळ्यांपुढे येईना.

तिने शून्य टाकलं. रेषा पुन्हा आखली गेली. सुळका गेला.

प्रमुखांनी कागदावर सही केली आणि ते बाहेर गेले.

थोड्या वेळाने धाकटीचा फोन आला. आवाज दमलेला होता, पण आनंद लपत नव्हता. "ताई, झालं का गं काम? आमच्या रक्ताचा उपयोग झाला?"

"झाला."

"बघ! आल्या आल्या मावशीच्या कामी आलं पोर."

"हो गं."

"बरं, एक विचारायचं होतं. दूध पुरत नसेल तर वरचं द्या, म्हणतात इथे. मी म्हटलं, थांबा, आमच्या ताईला विचारते, तिला यातलं सगळं कळतं. आईच्या दुधासारखं शुद्ध काही नसतं ना?"

थोरलीला यातलं सगळं कळत होतं. आईच्या अंगातलं ते रसायन दुधाच्या वाटेने बाळात उतरतं, हे तिला ठाऊक होतं. वरच्या दुधाची पावडर कालवायची ती नळाच्या पाण्यात, आणि नळाचं पाणी तिने गेल्याच आठवड्यात मोजलं होतं.

"ताई? आहेस ना?"

"पाज," ती म्हणाली. "तुझंच पाज."

"हे बघ, लागलंच प्यायला." धाकटी हसली. तिने फोन बाळाजवळ नेला असावा. घुटक्यांचा आवाज येऊ लागला, बारीक, एकसारखा, घाईघाईचा. थोरलीने डोळे मिटले आणि फोन तसाच कानाशी धरून ठेवला.